कलावतीचा रंग

या, असे जवळ या. पंख्याखाली जागा आहे, चपला दाराशीच राहू द्या. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. पण तिच्यात एक बाई आहे, आणि तिच्यासाठी ही सांगायलाच हवी.

तर, साकेतनं बटण दाबलं.

पडद्यावर अकरा कोळणी होत्या. पिवळ्याधमक साड्या, कपाळभर कुंकू, मागे खाडीकाठच्या देवीची घुमटी. बटण दाबताच अकराच्या अकरा चेहऱ्यांवरून काहीतरी सोलून निघालं. सुरकुत्या गेल्या, तीळ गेले, गालावरची उन्हं गेली. उरले ते साल काढलेल्या उकडलेल्या बटाट्यांसारखे अकरा गोळे, त्यांवर ओठ आणि डोळे चिकटवलेले.

"झालं! बघा काका, किती फ्रेश," साकेत म्हणाला.

गुणाजी धुरी त्याच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला खरोखरच उमासा आला.

"साकेत, हे काय केलंस? सकाळी दोन तास घालवलेत मी त्या फोटोवर."

"हो ना, दोन तास! आणि फोटो काळपट. काका, नवरात्रीचा फ्लेक्स आहे, आधार कार्ड नाही. लोकांना ब्राइट पाहिजे."

"त्यांनी मागितलं होतं का तसं?"

"मागायला कशाला लागतं? कोण स्वतःहून सांगेल, मला काळी दाखवा म्हणून?" साकेत हसला आणि फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवून मोकळा झाला.

हा स्टुडिओ टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत. साकेतच्या वडिलांनी काढलेला. गुणाजी तिथं रिळांच्या जमान्यापासून, एकोणतीस वर्षं. पासपोर्ट, मुंजी, साखरपुडे. राहायला वागळे इस्टेटमागच्या चाळीत, एकटाच. बायको कलावती सात वर्षांमागं कावीळ होऊन गेली.

आता त्याला उमासा का आला ते सांगतो. साकेतची चीड त्याला होतीच, पण त्याहून जास्त किळस स्वतःची होती. कारण हे बटण गुणाजीला नवं नव्हतं. बटण नव्हतं तेव्हा हेच काम तो हातानं करत होता. लग्न ठरायच्या फोटोला मुलगी आली की पावडरचा हात, दिवे जवळ, उजेड हवा त्याच्या दुप्पट, आणि वर लॅबवाल्याला चिठ्ठी: 'चेहरा उजळ करणे.' अशा किती मुली त्यानं उजळल्या असतील, देव जाणे. त्यात स्वतःची बायकोही उजळली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं हौसेनं तिचा फोटो काढला, धुऊन आणला, मोठा करून भिंतीवर लावला. कलावती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, छान आहे हो ही. कोण आहे?"

तो हसला होता. त्याला वाटलं, बायको थट्टा करते.

नंतरचे फोटोही तसेच. ती कॅमेऱ्यासमोर यायचीच क्वचित, आणि आली की आपणहून पावडर लावून यायची. निगेटिव्ह एका पावसाळ्यात चाळीत पाणी शिरलं तेव्हा चिकटून गेल्या. आता भिंतीवर हार घातलेली एक गोरी बाई आहे, आणि गुणाजी रोज सकाळी तिच्यापुढे उदबत्ती लावतो. गेल्या वर्षी एके दिवशी उदबत्ती लावता लावता त्याच्या लक्षात आलं, की कलावतीचा खरा रंग त्याला आठवत नाही. आवाज आठवतो, पायांच्या भेगा आठवतात, चालणं आठवतं. रंग आठवायला गेलं की हीच गोरी बाई मधे येऊन उभी राहते.

त्यासाठी, बरं का, त्रेपन्नाव्या वर्षी हा माणूस डोंबिवलीला रंगाच्या क्लासला जाऊ लागला. दर रविवारी. शिकवणारी प्रीती नावाची मुलगी, त्याच्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी तिनं टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. एक वांगं, एक कढई आणि पाट्याचा दगड. म्हणाली, "तिन्ही काळ्या आहेत ना? आता प्रत्येकीचा काळा वेगळा दिसायला हवा. उजेड वाढवायचा नाही. शोधायचा."

गुणाजीनं आयुष्यभर उजेड वाढवलाच होता. वांग्यात जांभळं आहे, कढईत निळं आहे आणि दगडात चक्क हिरवं आहे, हे कळायला त्याला तीन रविवार लागले. फोटोआधी राखाडी कार्ड धरून कॅमेऱ्याला खरा रंग ओळखायला लावायचं, हे शिकला. एका फोटोत एकच रंग बोलता ठेवायचा, बाकीच्यांना गप्प बसवायचं, हेही शिकला. आणि एका रविवारी सगळे गेल्यावर त्यानं पिशवीतून कलावतीचा फोटो काढला. "मॅडम, हिचा रंग परत आणता येईल?"

प्रीतीनं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "काका, इथं चेहऱ्यावर पांढऱ्याशिवाय काहीच उरलेलं नाहीये. जे उरलंच नाही ते परत कसं आणणार? फार तर आपण नवीन भरू शकतो. पण कुठला भरायचा ते तुम्हाला आठवायला हवं."

गुणाजीनं फोटो परत पिशवीत ठेवला.

तर असा माणूस त्या गुरुवारी सकाळी कोळीवाड्यात गेला होता. नवरात्रीतला पिवळ्याचा दिवस. नऊ दिवसांचे नऊ रंग, आपल्याकडे आता बँकेतल्या बाईपासून मासळीवालीपर्यंत सगळ्या पाळतात. मंडळाला फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. गुणाजीनं बायकांना उन्हातून उठवून पिंपळाच्या सावलीत आणलं. पिवळ्याची झळाळी गालांवर खालून येऊ दिली. मागे निळा ड्रम होता, तो हलवायला लावला.

"त्या ड्रमानं तुजं काय घोडं मारलं रं?" दगडाबाई म्हणाली. सत्तरीची, अकराजणींत सगळ्यात थोरली, सगळ्यात काळी.

"मावशी, तो तुमच्यापेक्षा जास्त बोलतोय."

"माज्यापेक्षा? मग हलीवच त्याला!"

अकराजणी खदखदून हसल्या आणि त्याच क्षणी गुणाजीनं कॅमेऱ्याची कळ दाबली. मागे घुमटीत काळ्या पाषाणाची देवी, चांदीचे डोळे लावलेली. अकरा बायकांचे अकरा काळे वेगवेगळे आले होते. कुणाच्यात तांबूस, कुणाच्यात जांभळा, दगडाबाईच्यात तर तेल दिलेल्या होडीच्या लाकडाची चमक. एकोणतीस वर्षांत असा फोटो त्यानं काढला नव्हता.

त्याचं साकेतनं काय केलं ते पाहिलंतच.

दुसऱ्या दिवशी हिरव्याचा दिवस. हिरवा कुर्ता घातलेला मंडळाचा संदेश स्टुडिओत शिरला तो ओरडतच. मागोमाग दगडाबाई, ती त्याची आत्या.

"साकेतभाऊ, तुम्हाला काही अक्कल-बिक्कल आहे का? आमची देवी गोरी केली! सकाळपासून फोन येतायत. फ्लेक्स उतरवायला लागला!"

साकेतनं फाइल उघडली. खरंच. गुरुवारी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या बटणाला चेहरा दिसला की ते उजळतं. चांदीचे डोळे दिसले, नाक दिसलं, त्यानं देवीलाही अकरा बायकांत बारावी धरलं. काळ्या पाषाणाची आई, शेकडो वर्षं तेल पिऊन मुरलेली, तिथं क्रीम लावल्यासारखी फटफटीत उभी होती. पिवळी साडी, पांढरं तोंड. बघवत नव्हतं.

"सॉरी, सॉरी. पाच मिनिटांत करतो. देवी ओरिजिनल करतो."

"आणि बायका?" गुणाजीनं विचारलं.

संदेशनं मान वळवली. "बायकांचं काय?"

"त्याही गोऱ्याच झाल्यात."

"त्यांचं राहू द्या ना काका. उलट खूश आहेत. पोरींनी स्टेटसला ठेवलाय."

मंडळी, मी आयुष्यभर कीर्तनात बसलो. बुवांनी सावळ्या रूपाचं वर्णन लावलं की माझी मान डोलते, डोळे भरतात. आणि त्याच मांडवातून उठून घरी जाऊन मी माझ्या मुलासाठी गोरी मुलगी पाहिली आहे. काळेपणा देवाला शोभतो, सुनेला नाही. त्यामुळे संदेशला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण त्या दुपारी त्या स्टुडिओत जे बोललं गेलं, त्याला घाण वास येत होता, एवढं मात्र सांगतो.

"दोन्ही खरं करा, नाहीतर काहीच करू नका. मूळ फोटो तयार आहे, तोच पाठवा," गुणाजी म्हणाला.

"काका, तुम्ही क्लासला जायला लागल्यापासून फार शिकवायला लागलायत," साकेत म्हणाला. त्यानं देवीभोवती रेघ ओढली, तेवढाच रंग जुना केला, फाइल पाठवली. गोऱ्या अकरा बायका, मधे काळी देवी. "पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका. खरंच सांगतो. किल्ल्या टेबलावर ठेवून जा." आणि तो संदेशला घेऊन फ्लेक्सवाल्याकडे निघून गेला.

दगडाबाई बाकावरच बसून राहिली. तिच्या हातात नातवाचा मोबाइल होता. त्यावरचा फोटो ती डोळ्यांजवळ नेत होती, लांब धरत होती.

"गुणाजी, यांत मी कंची?"

गुणाजीनं मूळ फोटो पडद्यावर घेतला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बघत राहिली. मग बोट पुढं केलं. "ही." म्हणाली, "लई काली हाय गं बाय मी." आणि हसली. "पन मीच हाय."

त्यानं त्याची एक प्रत छापून तिला दिली. ती पदरात गुंडाळता गुंडाळता तिची नजर टेबलाच्या काचेखाली गेली. तिथं कलावतीच्या फोटोची छोटी प्रत होती.

"ही कोन?"

"कलावती. माझी बायको. तुमच्याकडून मांदेली घ्यायची ना, चाळीत."

"ही?" दगडाबाईनं जोरात मान हलवली. "काय बोलतंस! वीस वर्सं मी तिच्या दारात पाटी उतरवली. ही ती नाय. यो कोनाचा फोटो लावलास तू?"

गुणाजी कॉम्प्युटरपुढे बसला. त्यानं विचारलं, "मावशी, तुम्हाला तिचा रंग आठवतो?"

"न आठवायला काय झालं? पानी उतरलं का खाडीचा चिखल उन्हात चमकतो ना, तसली होती. हसली का गालाला जरा तांबडी. माज्यासंगं घासाघीस करताना तर लईच तांबडी!"

गुणाजीनं कॉम्प्युटरवर एक कोरा चौकोन उघडला. चेहऱ्याला हात लावायची त्याला हिंमत झाली नाही. चौकोनात तपकिरी भरला.

"नाय. यो तर चहा झाला."

त्यानं काळा वाढवला.

"आता कोलसा झाला. मागं ये."

तांबडा थोडा, निळ्याचा थेंबभर. प्रीतीनं वांग्यात, कढईत, दगडात दाखवलेलं सगळं त्याच्या बोटांत उतरत होतं. दगडाबाई पाटीवरची मासळी पारखावी तशी वाकून बघत होती. "अजून. अजून रं. जरा ओला कर... थांब."

तो थांबला.

"हीच ती," दगडाबाई म्हणाली, आणि तिनं पडद्यावरच्या त्या चौकोनावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली.

गुणाजीनं तो चौकोन छापला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बाहेर नाक्यावर नवा फ्लेक्स चढत होता. तो मान खाली घालून पुढं गेला.

मी त्याच्या घरी गेलो होतो परवा. भिंतीवर हार घातलेली ती गोरी बाई अजून आहे. तिच्याशेजारी तेवढ्याच मापाची दुसरी फ्रेम आहे. तीत चेहरा नाही, नाव नाही, नुसता ओल्या चिखलाचा रंग. खालच्या उदबत्तीची राख त्याच फ्रेमपुढे पडलेली होती.

जाताना एवढंच करा. कधी देवापुढे हात जोडाल तेव्हा या कलावतीलाही आठवा. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. सावळी आठवा.