गाळलेला पाऊस

दुपारी सव्वादोनला रडारच्या खोलीतला फोन वाजला आणि तिने उचलला. डोंगरमाथ्यावरचा पर्जन्यमापकवाला होता.

"मॅडम, माझं मापक तासाभरात दोनदा भरलं, दोनदा ओतलं! तुमच्याकडे काय दिसतंय?"

तिच्या पडद्यावर तो डोंगर कोरडा ठणठणीत होता.

"काका, डुलकी तर लागली नव्हती ना?"

"डोक्यावर बादल्या ओतल्यावर कुणाला डुलकी लागते हो?"

याच पडद्याच्या भरवशावर सकाळी तिने थोरल्या बहिणीला सांगितलं होतं, "खुशाल जा, वर थेंब नाही." बहीण भूगोलाची शिक्षिका. वर्गातल्या बावीस मुलींना घेऊन ती त्याच डोंगराखाली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात दगड गोळा करायला गेली होती.

रडारची लहर थेंबांवर आपटून परतते आणि किती जोराने परतली त्यावरून पाऊस मोजतात. पण ती डोंगरावरूनही परतते. म्हणून जे हलत नाही ते डोंगर समजून गाळायचं, अशी चाळणी लावलेली असते. सकाळी डोंगराचे ठिपके डोळ्यांत खुपत होते, म्हणून ती चाळणी तिनेच कडक केली होती. मात्र रडारला फक्त जवळ येणं आणि लांब जाणं कळतं. आज वारा आडवा होता. थेंब जवळही येत नव्हते, लांबही जात नव्हते. रडारच्या लेखी तो सगळा पाऊस डोंगरच होता.

तिने त्या डोंगरावरची चाळणी काढली. रडारच्या पुढच्या फेरीत तिथे डोंगराच्या ठिपक्यांहून कितीतरी मोठा लालभडक डाग उमटला.

"अण्णा," ती शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठांना म्हणाली. "ताई तिथे आहे. मीच पाठवलं."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लाव फोन! पूर कक्षाला मी कळवतो."

पहिल्यांदा नुसतीच घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदाही तेच. वरून खाली अकरा किलोमीटर, उतार तीव्र, पाऊस सुरू होऊन तास उलटलेला. हिशेब डोक्यात आपोआप होत होता आणि तो तिला नको होता.

"काय गं, आता काय?" अखेर ताईचा आवाज आला.

"मुलींना घे आणि काठावर चढ. आत्ता!"

"अगं, घोटाभर पाणी नाही इथे. आणि सकाळी तूच तर..."

"सकाळी मी चुकले. शिव्या नंतर दे. दप्तरं टाक, चढ!"

फोन चालूच राहिला. शिट्टी. घरंगळणारे दगड. कुणीतरी खिदळलं, ताई कडाडली. मग एक घरघर, लांबून येणाऱ्या मालमोटारीसारखी. खिदळणं थांबलं. ताई मोजत होती. अठरा, एकोणीस, वीस. घरघरीत पुढचं बुडालं.

"...बावीस," ताई धापा टाकत म्हणाली. "दप्तरं गेली. आम्ही बसलो होतो तिथे..." शिट्टी वाजवून तिने मुलींना आणखी वर पिटाळलं. "संध्याकाळी घरी ये तू. बघतेच तुला."

"येते," ती कशीबशी म्हणाली.

तिने फोन ठेवला. पडद्यावर आणखी तीन डोंगर कोरडे दिसत होते. तिने त्यांच्यावरचीही चाळणी काढली आणि पुढची फेरी पुरी व्हायची वाट पाहत बसली.