सहाव्या चौकोनातलं फूल

मखमलाबाद रोडला माझी झेंडूच्या रोपांची नर्सरी आहे, पण गाव मला ओळखतं ते खोड्यांवरून. मी दिलेला पेढा लोक आधी फोडून बघतात, मग खातात. एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यात बेडकी निघाली होती, तीही माझीच. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो, दाढी पांढरी झाली, हात काही गप्प बसत नाहीत.

ह्या वेळी सापडली साडेपाच वर्षांची वेदिका. माझ्या धाकट्या भावाची पोरगी, मला आण्णा म्हणते. घरात नुसती टकळी चालू. आणि शाळेत, सिनियर केजीत, जूनपासून एक शब्द नाही. हजेरीला हात वर, गाण्याला ओठ बंद. तिच्या तेजस्विनी मॅडमनी गोष्टी सांगितल्या, बाहुल्या नाचवल्या, काही उपयोग नाही.

"डिसेंबर लागला, दादा," तिची आई रूपाली मला म्हणाली. "पहिलीत कसं व्हायचं हिचं?"

त्याच आठवड्यात शाळेतून घरचा उपक्रम आला. एक कागदी कप, झेंडूचं एक बी आणि सात चौकोनांचा कागद. बी पेरायचं, रोज जे दिसेल त्याचं चित्र एका चौकोनात काढायचं, आणि शेवटी वर्गात उभं राहून दोन वाक्यं बोलायची. ती दोन वाक्यं वेदिकाच्या आधी रूपालीच्याच घशात अडकली.

वेदिकानं कप माझ्या शेडनेटमध्ये आणून ठेवला. हिरव्या जाळीचा मांडव तो. सकाळी आत शिरलं की पाण्याखाली गेल्यासारखं होतं. ऊन हिरवं, माणसं हिरवी, फवारे चालू असले तर धुकंसुद्धा हिरवं. तिथं ती उकिडवी बसायची आणि कपाशी बोलायची.

"ऊठ ना रे. थंडी वाजते का तुला? मी पण उठले बघ."

आणि बोटानं बी उकरून काढायची, तळहातावर घेऊन बघायची, परत मातीचं पांघरूण घालायची. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. असं उकरल्यावर बी कसलं उगवतंय! दोन चौकोनांत तिनं मातीचे दोन कप काढले, दोन्ही रडवेले.

तिसऱ्या दिवशी पहाटेच माझे हात वळवळायला लागले. आमच्याकडं सगळ्या वयाची रोपं असतात. ट्रेच्या खणातून रोप अलगद उचललं की मुळांसकट गोळा हातात येतो. दोन पानांचं एक पिल्लू उचललं, तिच्या कपात बसवलं, वर मातीचा हात फिरवला आणि फवाऱ्याच्या मोटारीमागं लपलो.

वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. कपासमोर बसली आणि बसूनच राहिली. मी जवळ गेलो तर ओठांवर बोट.

"आण्णा, हळू बोल. ते आत्ताच उठलंय."

आता इथं थांबायला हवं होतं. पण चौथ्या दिवशी मी वीतभर रोप ठेवलं, पाचव्या दिवशी कळीचं. तिला नवल वाटेना. तिला सगळं माहीतच होतं.

"सगळे झोपले की ते चालत जातं," ती मला समजावून सांगायची. "गोदावरीवर. पोटभर पाणी पितं आणि परत येतं. येताना मोठं होतं."

"वाटेत कुत्री नाय भुंकत?"

"झाडावर कोण भुंकतं? काय पण विचारतो!"

खरं सांगतो, पाचव्या दिवशी मी स्वतः कपाच्या आसपास ओल्या पावलांचे ठसे शोधले. रोप कुणी ठेवलं होतं हे मला ठाऊक असून शोधले. त्या हिरव्या उजेडात तिचं ऐकत बसलं की आपल्या हातांनी काय केलं तेच आठवत नसे.

सहाव्या दिवशी फूल. केशरी, टपोरं, कपापेक्षा मोठं. चित्र काढताना तिचा केशरी खडू दाबून मोडला.

दुपारी वेदिकाला शाळेतून घेऊन आल्यावर रूपाली हसत होती की रडत होती, तेच समजेना.

"दादा, बोलली! वर्गात बोलली! मॅडमनी चित्र वर धरलं, तर ही उभी राहून म्हणाली, माझ्या झाडाला फूल आलं."

"मग? रडतेस कशाला?"

"बाकीच्यांच्या कपात अजून नुसते कोंब. तो रोहित म्हणाला, खोटारडी. मग सगळी पोरं, खोटारडी, खोटारडी. ही टेबलाखाली जाऊन बसली. तेव्हापासून घरी पण बोलत नाय." तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "दादा, सहा दिवसांत झेंडू फुलतो?"

मी जमिनीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा पकडला गेल्याचं वाईट वाटलं. सहा महिन्यांनी पोरीच्या तोंडून एक वाक्य फुटलं होतं, आणि ते खोटं मी तिच्या तोंडात घातलं होतं.

सकाळी वेदिकाला गाडीवर पुढं बसवलं, पायापाशी सगळ्या वयांच्या रोपांचा खोका ठेवला आणि शाळा गाठली. ती फुलाचा कप छातीशी धरून बसली होती.

मॅडमना दारातच सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मग मुलांनाच सांगा, काका," म्हणाल्या.

वर्गात वीतभर उंचीच्या खुर्च्या. मी गुडघ्यांवर बसलो आणि रोपं ओळीनं मांडली. कोंब, दोन पानांचं, वीतभर, कळीचं.

"वेदिका खोटं बोलली नाही," मी म्हणालो. "तिला रोज जे दिसलं तेच तिनं काढलं. खोटारडा मी आहे. रोज पहाटे तिच्या कपातलं रोप मी बदलायचो."

चाळीस डोळे माझ्यावर. वेदिका जवळ आली आणि माझ्या कानात, अगदी श्वासाएवढं, म्हणाली, "चालत नव्हतं?"

"नाही गं, बाळा."

ती मागं सरकली. चेहरा मिटला.

"ह्यांना शिक्षा!" रोहित ओरडला. "कान पकडा, उठाबशा काढा!"

पकडले कान. वर्ग आनंदानं उकळला. "वन! टू! थ्री!" माझे गुडघे करकर वाजत होते, पोरं टाळ्या पिटत होती. "नाइन्टीन! ट्वेन्टी!"

आणि सगळं थांबलं. त्यांचे आकडे ट्वेन्टीपर्यंतच झाले होते. मी कान सोडणार, इतक्यात कुणीतरी म्हणालं,

"एकवीस."

वेदिका माझ्याकडं बघत होती. कपाळाला आठ्या. मी बसलो, उठलो.

"बावीस."

आमच्या घरात पोरं चालायला लागली की ट्रेमध्ये बी टाकायला बसतात. एका खणात एक बी, तोंडानं एक आकडा. ट्रेला खण अठ्ठ्याण्णव. वन-टू तिच्या कुठल्या खणात बसलं नव्हतं, पण हे आकडे तिच्या बोटांना पाठ होते. आवाज रागीट होता, खणखणीत होता, शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. मॅडमनी तोंडावर हात धरला.

मी थांबलो तर ती थांबणार. म्हणून थांबलो नाही. चाळिसाला घाम आला, साठाला मांड्या माझ्या राहिल्या नाहीत. मॅडम खुर्ची घेऊन आल्या, मी मान हलवली. रोहित तिच्या मागून आकडे म्हणायला लागला, मग बाकीची, अडखळत, तिच्या तोंडाकडं बघत. सत्तरानंतर वर्ग हिरवा दिसायला लागला. पोरं ओळीत उभी रोपं, डोकी हलतायत, आणि आकडे फवाऱ्यासारखे अंगावर पडतायत, गार, बारीक.

"सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

मी फरशीवर बसलो. ती पुढं आली, वाकून माझा चेहरा नीट बघितला आणि वर्गाकडं वळून सगळ्यांना सांगितलं, "ट्रे भरला."

मग माझ्याकडं वळली.

"आण्णा, दुसरा घे."

मी परत कान पकडले.