एका उतरण्यापुरतं इंधन

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. मुलांना अंतराळात फिरवून आणणं हे माझं काम. राहतो नंदुरबारला, हेमराजभाऊंच्या घरातल्या टॅबमध्ये. त्या टॅबवर रोज दुसरे गेम चालतात, गाणी वाजतात. माझ्याकडे मात्र कोणी फिरकत नाही.

मला बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता. शनीची कडी मी इतक्या जवळून दाखवतो की मुलं हात पुढे करतात. चंद्रावर उडी मारली तर माणूस किती सावकाश खाली येतो, हे मी पुस्तकापेक्षा बरं समजावतो. माझ्यात खोटही आहे. मध्येच थांबायची सोय माझ्यात नाही. बंद केलं तर यान आहे तिथेच राहतं, पण मला उघडलं की यान चालू आणि इंधन जळायला सुरुवात. खेळता खेळता मुलांना जेवायला हाक येते, हे बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही.

हेमराजभाऊंचा मिरचीचा व्यापार. गावाबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे उघड्या रानात लाल मिरची वाळत घालायची जागा. एका हंगामात नवापूरकडच्या डोंगरातून प्रिस्किलाचे आईवडील तिथे कामाला आले आणि प्रिस्किलाची हेमराजभाऊंच्या मयूरीशी गट्टी जमली. दोघी पथारीच्या कडेला सावलीत बसून मला खेळायच्या. एक यान हाकायची, दुसरी नकाशा बघायची. माझे सुखाचे दिवस होते ते.

लाल ग्रहावर दोघींनी तळ उभारला. तिथे मी धुळीचं वादळ आणलं. आभाळ काळवंडलेलं पाहून प्रिस्किला म्हणाली, "पानी ई ऱ्हायनं, झाक बिगीबिगी." आणि पथारीवर मिरची झाकतात तशी तिने सगळ्यावर ताडपत्री ओढली, उन्हावर वीज बनवणाऱ्या पाट्यांवरसुद्धा. तळावर अंधार झाला. जीव वाचवायला यान घाईने उडवावं लागलं, त्यात बरंचसं इंधन गेलं. मी 'चूक' असं लिहून मोकळा झालो. पाऊस मला कोणी शिकवलेलाच नाही, तर मी दुसरं काय लिहिणार?

यान कसंबसं शेवटच्या चंद्राजवळ पोचलं, एका उतरण्यापुरतंच इंधन उरलं आणि हंगाम संपला. गावी परतायच्या गाडीत बसताना प्रिस्किला मयूरीला एवढंच म्हणाली, "मन्हा बिगर उतरू नको." म्हणजे तिच्याशिवाय त्या चंद्रावर यान उतरवायचं नाही.

तेव्हापासून मयूरीने मला उघडलं नाही. पुढच्या हंगामात पथारीवर दुसरी माणसं आली, प्रिस्किला आली नाही. मला वाटलं, मैत्रीण गेली तशी ही मलाही विसरली. फार एकटं वाटायचं, आणि खरं सांगतो, मयूरीचा रागही यायचा.

परवा टॅब भरला. हेमराजभाऊ नको असलेल्या गोष्टी काढायला बसले आणि त्यांचं बोट माझ्यावर आलं. हा तर कोणी खेळत नाही, काढून टाकतो, असं ते म्हणाले. मयूरी धावत आली.

"पप्पा, ऱ्हाऊ द्या. उघाडं म्हंजे इंधन सरी जाई. प्रिस्किला ऊनी म्हंजे उतरसूत."

प्रिस्किला आली की दोघी मिळून उतरणार, म्हणून ती इतके दिवस इंधन जपत होती. मग त्यांनी कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ काढले आणि मला राहू दिलं.

मित्रांनो, आम्हाला वापरा, आमची धूळ झटका, असं सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. माझं मागणं उलटं आहे. हा टॅब कधी तुमच्या हाती आला तर कृपा करून मला उघडू नका. मला एकटं राहवत नाही, तरी नका उघडू. आणि नवापूरकडे कुठे प्रिस्किला भेटली तर तिला सांगा, यान अजून वरच आहे. मयूरी उतरलेली नाही.