खडूच्या वर्तुळात दोघं

त्या दिवसातली माझी ती तिसरी शाळा. पाय सुजलेले, घसा बसलेला. जिल्ह्यातल्या शाळांतून फिरायचं आणि संगणक कसा चालतो ते मुलांना खेळातून शिकवायचं, हे माझं काम. दक्षिण कोरियातल्या गोहुंगच्या टोकाच्या त्या शाळेत मुलं उरली होती चार आणि खेळाला माणसं लागत होती सहा.

"ड्रायव्हरकाका आणि स्वयंपाकाच्या काकूंना घेऊ," दा-ओन म्हणाली. दुसरीतली पोर, पण सगळ्यांवर हुकूम तिचा.

मी अंगणात खडूनं वर्तुळं काढली, रेघांनी जोडली. प्रत्येक वर्तुळात दोघांनी भेटायचं; वयानं मोठा असेल त्यानं उजव्या रेघेनं पुढं जायचं, लहान असेल त्यानं डाव्या. शेवटी सगळे आपोआप वयाच्या क्रमानं उभे राहतात. संगणकही असाच क्रम लावतो. दा-ओननं एकेकाच्या कानाशी लागून वय विचारलं आणि कार्डावर लिहून दिलं.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर ताक-सू आणि स्वयंपाकाच्या बोंग-र्ये काकू एका वर्तुळात आले. तो सवयीनं वाकून म्हणाला, "ताई, तुम्ही उजवीकडं."

ती निघालीसुद्धा.

"काकू, चुकलं!" दा-ओन ओरडली. "काका मोठे आहेत. कार्ड दाखवा!"

"गप गं. खेळ तर आहे."

ताक-सूनं तिचं कार्ड पाहिलं. ती गावात आल्यापासून तो तिला ताई म्हणत आला होता, तिची बोलणी खाली मान घालून ऐकत आला होता.

"माझ्याहून लहान? आणि मलाच 'अरे ताक-सू, अरे ताक-सू'?"

काकूंचा चेहरा उतरला. "नवरा गेल्यावर एकटी आले इथं. वय वाढवून सांगितलं, सगळ्यांची ताई झाले, म्हणून दारात कुणी घुटमळलं नाही. कळलं?"

तो उजवीकडं गेला. रांग बरोबर लागली, मुलांनी टाळ्या पिटल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ताक-सू आधीच अंगणात उभा होता. स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "ता..." आणि अडखळला. "बोंग-र्ये, येतेस का गं? एक माणूस कमी पडतोय."

आत भांड्यांचा आवाज थांबला. ती हात पुसत बाहेर आली. "गं काय गं? मुलांसमोर नीट बोलावं," म्हणाली आणि रेघेवर जाऊन उभी राहिली.

मी पायरीवर बसून घेतलं. खेळ दा-ओननंच घेतला.