दलदलीच्या रस्त्यासाठी जोडलेली गाडी

आमच्या डोनेगल परगण्यात पोर चालायला लागायच्या आधी रॅलीच्या शर्यतीतल्या गाड्यांचे आवाज ओळखायला लागतं. त्यामुळे सुटे भाग मागवून गोठ्यात स्पोर्ट्‌स कार जोडणार, असं माझ्या लेकीनं, सोर्खानं, जाहीर केलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या निवडीचं. दोन कंपन्यांची चित्रं तिनं माझ्यापुढे टाकली. एक उघडी, लांब नाकाची, जमिनीला टेकलेली देखणी गाडी. दुसरी फायबरची, बंद, इंजिन सीटच्या मागे, आणि दिसायला बेडकासारखी. मी अर्थातच पहिलीवर बोट ठेवलं.

"ती दारात उभी करायला बरी, आई," सोर्खा म्हणाली. "आपल्या रस्त्याच्या पहिल्याच उंचवट्यावर पोट घासेल तिचं."

आपला रस्ता म्हणजे दलदलीवरचा रस्ता. डांबर वर आणि खाली ओलं पीट, कुजल्या शेवाळाची भुसभुशीत माती, म्हणून तो दरवर्षी नव्या जागी खचतो. सव्वीस वर्षं मी त्यावरून टपाल वाटतेय. तीन शनिवार सोर्खा माझ्या टपालाच्या गाडीत बसून आली. मी म्हणेन तिथे उतरायची, रस्त्यावर सरळ फळी आडवी टाकायची आणि खालची पोकळी पट्टीनं मोजायची. त्या आकड्यांवरून तिनं लांब शॉकअप निवडले, स्प्रिंगा मऊ घेतल्या आणि गाडी चार बोटं उंच ठेवली.

हे डिनीला सोसवेना. डिनी बॉइल हा आमच्या रॅली क्लबचा मेकॅनिक. चाळीस वर्षं इथली प्रत्येक गाडी त्याच्या हातून जाते आणि प्रत्येक गाडी तो खाली बसवून दगडासारखी कडक करतो. कुणाला काही विचारायची त्याला सवय नाही.

"ही काय गाय आहे, खाली बसून दूध काढायला?" तो गोठ्याच्या दारातून म्हणाला.

"सपाट रस्ता दाखवा, डिनीकाका, लगेच खाली बसवते."

पुढे क्लबच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला की ही प्लास्टिकची टोपली दलदलीचा रस्ता पार करणार नाही. सोर्खा उभी राहिली. "नाही केला तर गाडी विकेन आणि या क्लबात पुन्हा पाना हातात धरणार नाही." दोन हिवाळे त्या गोठ्यात राबताना मी तिला पाहिलं होतं, आणि पोरगी बोलली की बोलली, माझ्यावर गेलीय.

शेवटचं काम वजनाचं. चारही चाकांखाली एकेक काटा ठेवायचा, दोन्ही सीटवर माणसांइतकं वजन ठेवायचं आणि शॉकअपच्या रिंगा फिरवून भार बरोबर वाटायचा. डावीकडच्या सीटवर, वळणं-खड्ड्यांची टिपणं वाचून दाखवायला, मीच बसणार होते.

"आई, तुझं वजन किती?"

"साठ," मी म्हणाले. पापणीही लवली नाही.

आमच्याकडच्या बायका पाद्रीबाबांना सगळी पापं सांगतील, वजन सांगणार नाहीत. "मग बसतेस का काट्यावर?" असं तिनं विचारलं, तेव्हा पत्रं वाटायचीयत म्हणून मी सटकले. तिनं वासरांच्या खाद्याचं पोतं साठ किलो भरून माझ्या जागी ठेवलं. मायलेकींत चार किलो इकडेतिकडे, असं मी मनाशी म्हटलं. चार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रॅलीच्या दिवशी सकाळी पहिल्या दोन टप्प्यांतच पाप पुढ्यात आलं. ब्रेक दाबला की उजवं पुढचं चाक जाम व्हायचं, धूर निघायचा आणि नाक डावीकडे धावायचं. दुसऱ्या टप्प्यात आम्ही एका कुंपणाची झाडं खरवडून आलो. पुढचा टप्पा दलदलीचा होता आणि दुरुस्तीला वीस मिनिटं.

गुरांच्या बाजाराच्या मैदानात सोर्खा फीत घेऊन गाडीखाली शिरली. डिनी हाताची घडी घालून उभा. त्याच्यामागे अर्धा क्लब.

"नाव मागे घे, पोरी," तो म्हणाला, आणि कुत्सितपणे नव्हे. "त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर आहेत. आईला घेऊन त्यात जाशील."

सोर्खा बाहेर आली. चेहरा पांढरा. "सगळं मापात आहे. मग माझंच कुठेतरी चुकलंय. मलाच जमलं नाही."

ते वाक्य मला ऐकवेना.

"सोर्खा, मी एकोणऐंशी आहे."

"काय एकोणऐंशी?"

"किलो."

डिनी म्हणाला, "कधीपासून, फिलोमिना?"

"तू गप्प बस. तुला स्वतःचे बूट दिसून दहा वर्षं झाली."

लेक आता चारचौघांत माझी लाज काढणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे गाडी बरोबर आहे, आई. डावी बाजू जड, म्हणून उजवं चाक हलकं पडून जाम होतंय." आणि हसली. "बस आत. हेल्मेट घालून. आणि पोट आत घेऊ नकोस, काट्याला फसवता येत नाही."

ट्रेलरमधून काटे निघाले. अर्ध्या क्लबसमोर, उन्हात, माझं वजन आकड्यांत झळकलं. सोर्खानं डावी पुढची रिंग सैल केली, उजवी वर घेतली, आकडे पाहिले, पुन्हा फिरवली. अकरा मिनिटं. तिचं काम बघताना मला माझ्या लाजेची आठवणही उरली नाही.

दलदलीच्या रस्त्यावर मी टिपणं वाचत गेले, पण खरं तर पाठच होती. प्रत्येक उंचवट्यावर गाडी उडायची आणि चारही चाकांवर एकदम उतरायची. ब्रेकला नाक सरळ. ओडोनेलांच्या फाटकाजवळचा खड्डा मी ओरडून सांगितला, तेव्हा तो मागेही पडला होता.

आमचा गटात दुसरा नंबर आला. डिनीनं बसवलेल्या दोन गाड्या पोट घासून, तेल सांडून त्याच रस्त्यावर राहिल्या.

संध्याकाळी मी फ्लास्कमधला चहा ओतत होते तेव्हा डिनी आला. गुडघ्यांवर बसून चाकाच्या आत बराच वेळ बघत राहिला. आता काहीतरी टोमणा येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"सोर्खा," तो म्हणाला, "इतकी मऊ स्प्रिंग घेऊन गाडी वळणावर कलत कशी नाही? मला समजावून सांग."

चाळीस वर्षांत डिनी बॉइलनं गाडीबद्दल कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सोर्खा त्याच्या शेजारी गवतावर बसली आणि सांगू लागली, आणि तो ऐकत होता. माझ्या हातातला कप भरून सांडला तरी मी ओततच राहिले.