एका तारखेच्या दोन पाट्या

बातमी आली तेव्हा मी एका डॉक्टरच्या पाटीवर त्याची पदवी कोरत होतो. दगडावर अक्षरं कोरणं हे माझं काम. दुकान म्हणजे एक खोली, खिडकीपाशी लाकडी टेबल आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. शेजारचा किल्लीवाला दारात आला आणि म्हणाला, "कोपऱ्यावरच्या इमारतीचा सज्जा पडला. कुणी बाई सापडली खाली."

मी "अरेरे" म्हटलं आणि हातातलं अक्षर पुरं केलं. अर्ध्यात थांबलं की छिन्नी पुन्हा तशी बसत नाही. अक्षर झाल्यावर आठवलं, बायको त्याच बाजूला चप्पल शिवून आणायला गेली आहे.

कोपरा दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. आमच्या घरात ते खातं तिच्याकडे होतं. पण त्या दहा मिनिटांत मी नाव घेतलं. म्हटलं, दुसरी कुणी असू दे. दोनदा म्हटलं. दुसरी म्हणजे कोण, याचा विचार केला नाही.

तीच होती.

आमच्या भागातला चष्मेवाला तिच्याबरोबर चालत होता. शिवलेला पट्टा पुन्हा निसटला म्हणून ती वाकली. तो "वहिनी, मी होतो पुढे" म्हणून दोन पावलं गेला आणि मागे आवाज झाला. हे त्यानंच मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. त्याच्या केसांत चुना होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "देवानं वाचवलं." मग माझ्याकडे बघून त्यानं तोंडावर हात ठेवला.

मला राग आला नाही. मला काहीच आलं नाही. कागदावर सही कुठे करायची, एवढं विचारलं.

बाराव्या-तेराव्या दिवशी सासरे दुकानात आले. बसचे ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. तिची आई लवकर गेली, तेव्हा मुलीला त्यांनीच वाढवलं. आमच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर गेलेल्या माणसांच्या पाट्या असतात. तिथे तिची लावायची होती.

"लिहून घे," ते म्हणाले. "नाव, दोन तारखा. खाली ओळ, देव करतो ते भल्यासाठीच."

"बाबा, नाव आणि तारखा पुरेत."

"का? जागा नाही?"

"जागा आहे."

"मग?"

"कुणाच्या भल्यासाठी?"

ते स्टुलावर बसले. आधी त्यावरची दगडाची भुकटी रुमालानं झटकली. "एकतीस वर्षं बस चालवली मी. एक माणूस चाकाखाली आला नाही. एक कुत्रंसुद्धा नाही. ते काय माझ्या हुशारीनं?"

"मग ज्यांच्या चाकाखाली माणसं येतात, त्यांचं स्टिअरिंग कोण धरतं?"

"ते मला काय विचारतोस? मी माझ्या बसचा ड्रायव्हर."

एरवी मी हसलो असतो. ती असती तर तिनं दोघांनाही झापलं असतं. देवावरून आमची जुंपली की ती म्हणायची, तुम्ही दोघं वाद घाला, तो बिचारा तोवर जेवून घेईल.

सासऱ्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हे बघा जावईबापू." एरवी ते मला अरेतुरे करतात. "मी तिला बोट धरून चालायला शिकवलं. आता रोज सकाळी मला उठायचं असतं, दात घासायचे असतात. ती ओळ खोटी असेल तर मी कशाच्या जोरावर उठू, ते सांगा. दुसरं काही असेल तुमच्याकडे तर द्या. मी ते घेतो."

मी म्हटलं, "बघतो."

बघतो म्हटलेली कामं मी करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

पांढरी, बिनडागाची फरशी निवडली. पेन्सिलीनं सगळा मजकूर आखला, ओळसुद्धा. नाव कोरलं. जन्मतारीख कोरली, मग दुसरी तारीख. संध्याकाळी पिंपातल्या पाण्यानं हात धुतले आणि घरी जाऊन सकाळचा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याची आई आली. मी बायकोच्या पाटीवर कापड टाकलं. म्हातारीच्या हातात चिठ्ठी होती, ती तिनं पुढे केली नाही.

"जीभ रेटत नाही रे," ती म्हणाली. "पण कोरणारा तू एकटाच. दुसरीकडे कुठे जाऊ?"

"द्या ना मावशी."

चिठ्ठीवर लिहिलं होतं : माझा मुलगा वाचला, देवाचे आभार. खाली तारीख. तारीख तीच.

"वाच आणि नाही म्हण," ती म्हणाली. "मी वाईट वाटून घेणार नाही. मुलगा तर म्हणाला, आई, तुला लाज कशी वाटत नाही. पण मी देवाला शब्द दिला होता."

"कधी?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "खालून पोरं ओरडत आली, सज्जा पडला, माणूस गेलं म्हणून. हा त्याच वेळी त्या रस्त्यानं येतो. माझ्याच्यानं जिना उतरवेना. तिथेच पायरीवर बसले आणि म्हटलं, देवा, दुसऱ्या कुणाचं असू दे, तुझ्या घरात पाटी लावीन." मग खाली बघत म्हणाली, "तुझी आहे हे ठाऊक नव्हतं रे."

मी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली. म्हटलं, "मावशी, तुम्ही पायरीवर बसलात तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुमच्या मागण्यानं ती गेली नाही."

तिला बरं वाटावं म्हणून मी हे बोललो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"माझ्या मागण्यानं ती गेली नाही," ती सावकाश म्हणाली. "मग त्या मागण्यानं हाही वाचला नाही. मग आभार कशाचे मानू?"

बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र सुरू झालं. त्याच दहा मिनिटांत मीही तेच मागितलं होतं, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. ती पायरीवर बसून, मी रस्त्यानं धावत. आम्हा दोघांमध्ये मी जास्त वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही. ती जास्त चांगली आहे असंही नाही. हे तिला सांगावं असं एकदा मनात आलं. सांगितलं नाही.

"अक्षरं केवढी हवीत?" मी विचारलं.

"लहान चालतील. भिंतीच्या कडेला लावू."

"लहान नको. कुणाला वाचता आली पाहिजेत."

ती दाराशी गेली, परत वळली. "तुला काही आणून देऊ का जेवायला?"

"नको मावशी, आहे."

म्हातारीची पाटी मी सहा दिवसांत केली. चांगली झाली. 'आभार' हा शब्द तर गेल्या वर्षभरात माझ्या हातून इतका नीट उतरला नव्हता. ती खोटी आहे असं कोरताना एकदाही वाटलं नाही. मुलगा वाचला, हे खरंच आहे. रोज सकाळी दुकानासमोरून जाताना तो मान खाली घालतो, ते मी बघतो. पाटी मीच नेऊन भिंतीला बसवली आणि कडेचा चुना ओल्या फडक्यानं पुसला.

सासरे दर रविवारी येतात. कापड उचलून बघतात, पुन्हा नीट टाकतात. सुरुवातीला विचारायचे, आता विचारत नाहीत. गेल्या खेपेला फक्त म्हणाले, "म्हातारीची झाली म्हणे."

"झाली."

"चांगली आहे. मी पाहिली."

ते गेल्यावर मी पाटी उजेडात घेतली. कापड घासून पेन्सिल पुसट होते, तेव्हा मी ओळ पुन्हा गडद करून ठेवतो. आजवर चारदा केली. नाव झालं आहे, तारखा झाल्या आहेत. ओळ अजून कोरलेली नाही. तिच्या जागी दुसरी सुचलेलीही नाही.