पाचवं बुकिंग

अमरेश हुडगे यांनी पियानोला खांदा लावला आणि तो स्टेजवर वीतभर डावीकडे सरकवला. मग चपला न घालताच खाली उतरून ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले, उठले, चौथ्या रांगेत जाऊन बसले. तिथूनही वाजवणाऱ्याचे हात नीट दिसले असते. चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत. माणूस चेहऱ्याला टाळ्या देतो आणि हातांकडे बघून पियानो घेतो, हे त्यांचं अकरा वर्षांचं शहाणपण.

या शहाणपणाचा लातुरात आजवर फारसा उपयोग झाला नव्हता, ही गोष्ट वेगळी. वडिलांचं पेटी-तबल्याचं दुकान बरं चाललं होतं. पियानोचा नाद त्यांचा स्वतःचा. याआधी दोन वेळा त्यांनी शहरात कार्यक्रम ठेवला. लोक आले, माना डोलावल्या, कचोरी खाल्ली आणि घरी गेले. आता पियानोच्या कंपनीने स्पष्ट कळवलं होतं. या कार्यक्रमात पाच बुकिंग झाली तर ठीक, नाहीतर एजन्सी सोलापूरच्या माणसाला आणि दुकानातले पियानो टेम्पोत घालून परत. अमरेशना ते टेम्पोचं चित्र सहन होत नव्हतं.

त्यांचं चुकलं कुठे, हे त्यांना उशिरा उमगलं. मूल पाळण्यात असतानाच कोणत्या क्लासला घालायचं यावर बोलणाऱ्या या गावात पियानोबद्दल पालक एकच प्रश्न विचारतो, याने मार्क वाढतात का? म्हणून या वेळी पुण्याहून बोलावलेल्या वादकानंतर उर्वी वाजवणार होती. उर्वी नांदेडची. अमरेशनी आयुष्यात विकलेला पहिला पियानो तिच्या घरी गेला होता, ती आठ वर्षांची असताना. आता ती मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती. वडिलांना, म्हणजे वसंतरावांना घेऊन ती सकाळच्या गाडीने आली होती.

अमरेशनी निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला दोन वाक्यं लिहून तिच्या हातात दिली.

"वाजवून झालं की एवढं बोल बेटा."

उर्वीने वाचलं. पियानोमुळे माझी एकाग्रता वाढली. अभ्यासात फार फायदा झाला.

"काका, हे बाबांनी सांगितलं का तुम्हाला?"

"त्यांनी कशाला सांगायचं? पियानो वाजवत वाजवत मेडिकलला नंबर लागला तुझा. मी तर सगळ्या गावाला सांगत सुटलोय."

तिने पत्रिकेची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"मी वाजवते," एवढंच ती म्हणाली.

रविवारी क्लासच्या परीक्षा दुपारी संपतात, म्हणून कार्यक्रम चारचा होता. शाळेचं सभागृह भरलं. पुण्याच्या वादकाने पाऊण तास वाजवलं. अमरेश नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून, स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. विकणाऱ्याने प्रेक्षकांकडे बघायचं असतं. बरेच जण फोनकडे बघत होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि शेजारी तिची आई वह्या तपासत होती.

मग उर्वी बसली. छोटीशीच रचना होती. मध्येच तिचा उजवा हात अडखळला. ती दोन ओळी मागे गेली आणि पुन्हा तिथून वाजवत पुढे आली. तरी टाळ्या पुण्याच्या वादकापेक्षा जास्त पडल्या, कारण तिचे मार्क आधीच माइकवर सांगून झाले होते.

डाळमिलवाले गुरुपादप्पा उभे राहिले. धाकट्या नातवासाठी ते आले होते.

"बेटा, एक विचारू का? अकरावी-बारावीत रोज किती वेळ वाजवायचीस?"

अमरेशना आनंद झाला. पत्रिकेवरच्या दोन वाक्यांपेक्षा हे भारी होतं.

"अजिबात नाही," उर्वी म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन वर्षं पियानोला कुलूप होतं. चावी बाबांच्या ऑफिसात असायची."

घरचा पत्ता सांगावा तितक्या साधेपणाने तिने हे सांगितलं. दुसऱ्या रांगेत वसंतरावांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. बराच वेळ ते पुसत राहिले.

अमरेशना पोरीचं वाईट वाटलं. त्याआधी बुकिंगचं वाईट वाटलं होतं, आणि आधी बुकिंगचं वाटलं याची लाज वाटली. कसेबसे ते माइकपाशी गेले, आभार मानले, चहा घेऊन जायची विनंती केली. ज्यांना पियानो जवळून बघायचा असेल त्यांनी स्टेजवर यावं, हेही सवयीने बोलून गेले.

लोक आले. गुरुपादप्पा पियानोच्या झाकणापाशी वाकून उभे होते.

"हुडगे, हे भोक कशाचं? कुलपाचंच का?"

"हाव."

"सगळ्याच पियानोला येतंय?"

"सगळ्याच."

"मग कायच अडचण न्हाई. पोराला नाद लागंल म्हणून तर भेत होतो. लिहा माझं नाव."

अर्ध्या तासात चार नावं लागली. आवाज कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. कुलूप मजबूत आहे का आणि चाव्या किती येतात, हे सगळ्यांनी विचारलं. एक डॉक्टर चहाचा कप घेऊन वसंतरावांकडे गेले.

"सर, कुलूप नववीपासूनच लावावं का दहावी झाल्यावर?"

"लावू नका," वसंतराव म्हणाले.

डॉक्टर हसले. "तुमचं बरंय सर. तुमची लागली ना मेडिकलला."

वसंतरावांच्या हातातला रिकामा कप उर्वीने काढून घेतला आणि टेबलावर नेऊन ठेवला.

स्टेजवर आता ती तिसऱ्या रांगेतली मुलगी स्टुलावर बसली होती. एकच पट्टी दाबायची, आवाज पुरता विरेपर्यंत कान देऊन थांबायचं आणि मग शेजारची दाबायची, असं तिचं चाललं होतं. दिवसभरात पियानो कुणी असा ऐकला नव्हता. तिची आई, झेडपीच्या शाळेतल्या वर्षाराणी मॅडम, वह्यांची पिशवी सांभाळत पुढे आली.

"आठ दिवस झाले, ह्या अंजूनं डोकं खाल्लंय माझं. घेऊन टाकते सर. याला कुलूप हाय ना?"

अंजूचं बोट पट्टीवर थांबलं.

अमरेशच्या हातात पेन होतं. पाचवी ओळ कोरी होती.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्याला न्हाई येत."

"आत्ता तर त्या काकांला म्हणालात..."

"ते येगळं मॉडेल. ते संपलं."

मॅडमनी पिशवी खांद्यावर घेतली. "मग राहू द्या सर. उद्या हिची अकरावी आली म्हंजे माझी शाळा सोडून मी कुठं राखण करत बसू?"

अंजूने दोन्ही हातांनी झाकण खाली आणलं, आवाज न होऊ देता. मग आईचं बोट धरून ती पायऱ्या उतरली.

अमरेशनी पेनाला टोपण लावलं. एजन्सी गेली होती, पण त्यांना फार हलकं वाटत होतं. अनेक वर्षांत पहिल्यांदाच आपण धड काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं. उर्वी निघते म्हणून सांगायला आली, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती खूश होईल, अशी त्यांची खात्री होती.

उर्वीने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"किती वर्षांची असेल ती?"

"नऊ."

"म्हणजे अकरावीपर्यंत सात वर्षं होती तिच्याकडे." तिचा आवाज चढला नाही. "मला आठ मिळाली, काका. आज मधेच विसरले मी, पण ती आठ वर्षं माझी आहेत. बाबांनासुद्धा ती काढून घेता आली नाहीत. तिला तुम्ही एकही दिलं नाही."

वसंतराव दाराशी थांबले होते. उर्वी त्यांच्याकडे गेली.

अमरेशनी बुकिंगचं पुस्तक उचललं आणि अनवाणीच पायऱ्या उतरून खुर्च्यांमधून धावत सुटले. फाटकापाशी मॅडमनी स्कुटी चालू केली होती. मागे अंजू बसली होती, मांडीवर वह्यांची पिशवी घेऊन.

"मॅडम, थांबा," धापा टाकत अमरेश म्हणाले. "माझं चुकलं. कुलूप हाय त्याला."